तेल गेलं कुठं?

जमादार मॅडमना काहीही सांगायला गेलं की त्या आधी पूर्ण ऐकून घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "असंल. पण कशावरनं?"

हा प्रश्न त्यांनी प्राचार्यांना विचारला, विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांना विचारला, रिक्षावाल्यांना तर रोजच विचारला. एकदा स्टाफरूममध्ये आमच्या एक सहकारी पुतण्यासाठी बघितलेल्या मुलीचं कौतुक सांगत होत्या. मुलगी स्वभावानं फार शांत आहे म्हणाल्या. मॅडम कोपऱ्यात डबा खात होत्या. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "कशावरनं?" त्या बाईंनी पुढे कितीतरी दिवस मॅडमशी बोलणं टाकलं. आपलं काय चुकलं ते मॅडमना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

गंगावेशीत म्हैस समोर उभी करून दूध पिळून देतात. अख्खं कोल्हापूर तिथं विश्वासानं पेला तोंडाला लावतं. मॅडम पिळणाऱ्याच्या हातातलं भांडं आधी पालथं करायला लावायच्या. तो गवळी एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, म्हैस उभी हाय की तुमच्यासमोर. नळ न्हाई त्यो."

"म्हशीवर माझा संशय न्हाई," मॅडम म्हणाल्या. "भांड्यावर हाय."

मी त्यांच्या हाताखाली सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा त्यांना निवृत्तीचे वेध लागायला अजून बराच अवकाश होता. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात एक छोटा टॉर्च. आवाज असा की त्या प्रयोगशाळेत बोलल्या तरी खाली पार्किंगमध्ये ऐकू यावं. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखंच त्याही "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. वर्गात पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर पाऊल पडलं की कागल.

कागलजवळ हायवेला त्यांच्या वडलांचं ट्रकचं गॅरेज होतं. अभ्यासाची वही इंजिनाच्या खोक्यावर ठेवून त्या शिकल्या. पीएच.डी.चा विषयही तेलाचाच. जमिनीखाली खडकाला चिकटून राहिलेलं खनिज तेल पंपानं वर येत नाही. काही जंतू साबणासारखा एक पदार्थ तयार करतात, त्यानं ते तेल खडकापासून सुटतं, असा तो विषय. वडलांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले होते, "खडकाचं ऱ्हाऊ दे बेटा. आधी आपल्या गॅरेजातल्या फरशीचं सोडव." मॅडमनी ते मनावर घेतलं. गॅरेजमागच्या काळ्या, तेल पिऊन घट्ट झालेल्या मातीतूनच त्यांनी आपला जंतू वेगळा काढला. आमच्या प्रयोगशाळेच्या छोट्या फ्रीजमध्ये तो नळ्यांत जपून ठेवलेला असे. नळीवर त्याचं शास्त्रीय नाव आणि नावापुढे प्रश्नचिन्ह. त्याची ओळख सगळ्या चाचण्यांनी पक्की झाली होती. तरी प्रश्नचिन्ह काही त्यांनी पुसलं नाही.

पहिल्याच महिन्यात मी तो जंतू वाढवला आणि चंबू हलवला तर वर हा एवढा फेस. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी फेसाकडे बघितलंही नाही.

"चंबू कुणी धुतलावता?"

"मीच, मॅडम."

"कशानं?"

"साबणानं. नंतर दोनदा पाण्यानं धुतला."

"मग ह्यो फेस जंतूचा का तुझ्या साबणाचा?"

त्यांनी तो चंबू ओतून टाकायला लावला. दुसरा चंबू स्वच्छ धुऊन, त्यात जंतू न घालता नुसतंच जंतूचं खाद्य घालून हलवायला लावला. आणि तिसऱ्यात जंतू. मग एका पसरट बशीत पाणी, पाण्यावर इंजिन ऑईलचा पातळ थर, आणि त्या थरावर प्रत्येक चंबूतला एकेक थेंब. खाद्याचा थेंब तसाच बसून राहिला. जंतूच्या चंबूतला थेंब पडला आणि तेल एखाद्यानं हाकलल्यासारखं चारी बाजूंना पळालं. मध्ये स्वच्छ पाण्याचं गोल तळं. मी बघतच राहिले.

"आता हरकत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "आता आनंद कर."

ज्या गोष्टीसाठी मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं ती मात्र शिरोळकडे घडली.

त्या वर्षी कृष्णेला मोठा पूर आला. शिरोळकडच्या एका गावात ट्रॅक्टरचं एक गॅरेज पाण्याखाली गेलं आणि तिथं साठवलेली जळक्या ऑईलची बॅरलं उलटली. पूर ओसरला तसं ते तेल शेजारच्या भूपाल मगदूम यांच्या विहिरीत उतरलं. मगदूमअण्णांच्या गोठ्यात दावणभर म्हशी. त्यांची बायको, सुशीलाक्का, सकाळी घागर सोडायला गेली तर पाण्यावर मोरपिसासारखे रंग. अण्णांच्या भाच्याला मी शिकवलं होतं. त्यानं फोन केला म्हणून मॅडम आणि मी तिथं गेलो.

आम्ही पोचलो तर विहिरीवर आधीच गर्दी. कुठल्याशा कंपनीचा एक माणूस आला होता. टापटीप शर्ट, हातात पावडरीचं पाकीट. ही जैविक पावडर आहे, हिच्यातले जंतू तेल खातात, उद्या सकाळी बघा, असं तो सांगत होता. त्यानं पावडर कालवून विहिरीत सोडली. पाणी काठीनं ढवळायला लावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला की तेल गेलं.

खरंच गेलं होतं. आम्ही परत जाऊन बघितलं. पाण्यावर एक रंग दिसत नव्हता. लोक खूश होते. सुशीलाक्कानं आमच्यासाठी पोहे केले होते. कंपनीचा माणूस मोबाईलवर फोटो काढत होता. मॅडम कठड्यापाशी वाकल्या, खिशातला टॉर्च काढून पाण्यावर मारला. पाणी किंचित पांढुरकं होतं, पातळ ताकासारखं.

"तेल गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

"जंतूंनी खाल्लं, मॅडम," तो माणूस म्हणाला.

"एका रातीत? एवढं?"

"आमचं टेक्निक नवीन आहे."

"असंल. पण कशावरनं?"

तो हसला. बाकीचेही हसले. मॅडमनी बाटलीभर पाणी घेतलं, त्याच्याकडून चिमूटभर पावडर मागून घेतली आणि पोहे न खाताच निघाल्या. सुशीलाक्काला ते लागलं. जीपमध्ये मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "कुठल्या पाण्यानं केलेत ते तिनं सांगितलं का?"

प्रयोगशाळेत आल्या आल्या त्यांनी त्या पाण्यात तेल ओढून घेणारं द्रावक घातलं, खळखळून हलवलं, वर आलेला थर वेगळा काढला आणि सुकत ठेवला. दुपारी काचेच्या तळाशी तपकिरी, चिकट थर होता. वास तोच, गॅरेजचा. तेल कुठंही गेलेलं नव्हतं. पावडरीत साबणासारखं काहीतरी भरपूर होतं. त्यानं तेलाचे इतके बारीक थेंब झाले होते की ते पाण्यात मिसळून डोळ्याआड झाले. आधी ते वर तरंगत होतं, काढता तरी आलं असतं. आता ते सगळ्या विहिरीभर झालं होतं.

मॅडमनी अण्णांना फोन लावला. "अण्णा, हे पाणी म्हशींस्नी दाखवू नगासा. तेल हाय त्यात. दिसत न्हाई एवढंच."

अण्णा पलीकडून म्हणाले, "काल दिसत होतं तवा बरं होतं म्हणायचं की मग."

पण खरी गडबड पुढे झाली. त्या पावडरीत खरंच जंतू आहेत का हे बघायला मॅडमनी ती जंतूंच्या खाद्याच्या बशीत पेरली होती. दोन दिवसांनी बशी उघडली तर हिरवट निळा रंग आणि द्राक्षासारखा गोडसर वास. हा वास आम्हा दोघींच्या चांगल्या ओळखीचा होता. आमच्या फ्रीजमधल्या जंतूचा वास तो.

मॅडमनी बशी झाकली. माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी फ्रीजची किल्ली खिळ्याला नव्हती. ती फक्त आम्ही दोघीच वापरत असू. मला नळी हवी असली तर त्या स्वतः उठून काढून द्यायला लागल्या. मध्येच सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "त्या पुण्याच्या परिषदेत तू कुणाच्या शेजारी बसलीवतीस?" किंवा "तुझा मावसभाऊ कुठल्या कंपनीत म्हणालीस?" मी उत्तरं देत राहिले. घरी जाऊन रडले एकदा. ज्या बाईंनी थेंब कसा बघायचा ते शिकवलं त्या आता मला बघत होत्या, तशाच, टॉर्च मारून.

तेवढ्यात प्राचार्यांना ह्या विहिरीचं कळलं. ते उत्साही गृहस्थ. म्हणाले, "जमादार मॅडम, आपलाच जंतू सोडू ना विहिरीत. खरा जंतू. पेपरात बातमी येईल, नवी प्रयोगशाळा मिळेल."

"न्हाई सर."

"का? तुमच्या आयुष्याचं काम आहे ते."

"म्हणूनच म्हणतो. मला ठाऊक हाय त्यो काय हाय ते. जखमेत शिरला तर जखम चिघळवतो, डोळ्यात गेला तर डोळा घालवतो. मी घरात साप पाळलाय म्हणून गल्लीत सोडू काय? त्या कंपनीनं तेच केलंय. मी तेच करू?"

प्राचार्य नाराज झाले. नवी प्रयोगशाळा पुढे दुसऱ्या विभागाला मिळाली. मॅडमनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, पण त्या खोलीवरून जाताना त्या आत मात्र बघायच्या.

त्यानंतर एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर दोन बशा उघड्या होत्या. दोन्हीत जंतूंची हिरवी साय धरलेली आणि तिच्यावर औषधांच्या बारीक चकत्या ठेवलेल्या. ज्या औषधाला जंतू दबतो त्याच्याभोवती स्वच्छ कडं पडतं.

"ही आपली," त्या म्हणाल्या. "ही त्यांची. बघ."

कडी जुळत नव्हती. आमच्या जंतूला मारणाऱ्या औषधांना पावडरीतला जंतू दाद देत नव्हता. जात तीच, पण वाण वेगळा. त्यांनी ते तीन वेगवेगळ्या वेळी करून बघितलं होतं.

"मी तुझ्यावर संशय घेतला," मॅडम म्हणाल्या.

"ठाऊक होतं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझ्याकडे तरी कुठं पुरावा होता, मॅडम?"

त्या हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसत राहिल्या. "संशय घ्यायला पुरावा लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मी किल्ली काढून घेतली. ती शिक्षा झाली. शिक्षेला पुरावा लागतो. ते चुकलं माझं." मग किल्ली माझ्या हातात ठेवून त्या तासाला निघून गेल्या. त्या दिवशी वर्गातून त्यांचा आवाज खालपर्यंत आला नाही.

विहिरीचं काम लांबत गेलं. सगळं पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात घेतलं. तरी जरा पाऊस झाला की गॅरेजच्या बाजूनं पुन्हा रंग यायचे. माती तेल सोडत होती. मग ती माती खोदून काढली आणि पसरून तिचे वाफे केले. मॅडमनी आमचा जंतू प्रयोगशाळेतच वाढवला, वाढ झाल्यावर उकळून ठार मारला, आणि त्यानं तयार केलेला साबणासारखा पदार्थ तेवढा गाळून पाण्यात मिसळला. तो वाफ्यांवर फवारायचा, शेणखत घालायचं, ओल राखायची, खोऱ्यानं माती वरखाली करायची. तेलाचे गोळे फुटले की मातीतले मूळचे जंतू ते खातात. त्यांना बाहेरून आणावं लागत नाही. फक्त घास बारीक करून द्यावा लागतो.

गावाला हे पटेना. पावडरवाल्यानं एका रात्रीत करून दाखवलं आणि ही बाई उन्हाळाभर माती उलटतेय. ही दुसऱ्या कंपनीची असणार, असंही कुणीतरी उठवलं. अण्णांना म्हशींसाठी लांबून ट्रॅक्टरनं पाणी आणावं लागत होतं. त्यातच एका म्हशीची कास सुजली. सुशीलाक्का म्हणाली, पावडरीच्या पाण्यानंच झालं ते. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर गाव त्यांच्या बाजूला आलं असतं.

"मला शंका हाय," मॅडम म्हणाल्या. "खात्री न्हाई. कास कशानंबी सुजती. डॉक्टरला दाखवा."

एकदा वाफ्यापाशी अण्णांनी खोरं खाली टेकवलं आणि सरळच विचारलं, "मॅडम, राग मानू नगासा. तुमचं ह्यात काय हाय?"

मला वाटलं आता भडका उडणार. मॅडमचा चेहरा उलट उजळला. "हा बरोबर प्रश्न विचारलासा," त्या म्हणाल्या. "ह्यो त्या पावडरवाल्याला विचारायला पायजे होता."

मग बांधावर बसल्या. "आमच्या अब्बांचं गॅरेज होतं, अण्णा. रोज जळकं ऑईल निघायचं. मागं वढा होता, तिकडं ओतून यायचं. मीबी ओतलंय, परकर वर खोचून. दुसऱ्या दिवशी वढा स्वच्छ. आम्हाला वाटायचं, गेलं. ती माती मी नंतर तपासली, पण वढ्याच्या खालच्या अंगाला कोण पाणी पीत होतं ते कधी विचारलं न्हाई. आता विचारून उपेग न्हाई. वढा बुजला, अब्बा गेले. ही विहीर हाय तवर हिला तरी विचारतो."

अण्णांनी खोरं उचललं आणि पुढचा वाफा घेतला. त्या दिवसानंतर ते मात्र मॅडम येण्याआधीच माती उलटून ठेवायचे.

पुढचा पावसाळा आला आणि गेला. विहिरीत रंग आले नाहीत. दर खेपेला मी पाणी आणायची, मॅडम तपासायच्या, काचेच्या तळाशी काही राहत नव्हतं. तरी त्या हो म्हणेनात. बाटली मी नीट धुतली होती का, विहिरीच्या तळाचं पाणी घेतलं का वरचं, हेच चाललेलं. शेवटी सुशीलाक्कानंच फोन केला. "मॅडम, तुम्ही एकदा या आणि काय ते तोंडावर सांगून जावा."

आम्ही गेलो. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्या निवृत्त झाल्या आणि गारगोटीला बहिणीकडे राहायला गेल्या. फोन होतात, परवा भाजीवाल्याच्या सेंद्रिय मेथीबद्दल तक्रार करत होत्या. पण त्यांचं नाव निघालं की मला त्या दिवशीच्याच दिसतात.

थंडीचे दिवस होते. ऊस तोडणीला आलेला. मॅडमनी पोहऱ्यानं स्वतः पाणी काढलं, वास घेतला, उन्हात धरलं, बोटं बुडवून एकमेकांवर घासली. अण्णा आणि सुशीलाक्का गोठ्याच्या दारात उभे. गल्लीतली चार माणसंही जमली होती.

"म्हशींस्नी पाजा," मॅडम म्हणाल्या.

"आणि आम्ही?" सुशीलाक्कानं विचारलं.

"तुम्ही अजून एक पावसाळा थांबा."

"अगं बाई," सुशीलाक्का म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. अण्णाही हसले. मोटर चालू झाली, दगडी कुंडी भरली. अण्णांनी दावी सोडली आणि म्हशी एकेक करून आल्या, कुंडीत माना घातल्या. चहा तयार झाला होता. सगळे आत गेले. मी दारातून हाक मारली.

"आलो," मॅडम म्हणाल्या.

आल्या मात्र नाहीत. कुंडीपासून हातभर अंतरावर कोटाच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. म्हशी घटाघटा पीत होत्या, नाकातून पाणी उडत होतं, त्यांच्या साडीवर पडत होतं. पीत असलेल्या प्रत्येक म्हशीच्या गळ्याकडे त्या बघत होत्या, घोट खाली उतरेपर्यंत, आणि मग पुढच्या म्हशीकडे वळत होत्या.